कॅलिपरने अचूक माप कसे घ्यावे: उपकरणाची घडण आणि वापराची रीत

पट्टी सरळ कडेला नीट लागते. पण गोल दांडा, नळीचे पोकळ तोंड किंवा खाचेचा तळ मोजायची वेळ आली की ती नेमकी कोठे टेकवायची हाच प्रश्न पडतो. कॅलिपर हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. वस्तूच्या दोन बाजूंना दोन टोके टेकवायची, त्यांच्यातील अंतर तसेच राखायचे आणि ते सोयीच्या ठिकाणी वाचायचे, एवढेच त्याचे तत्त्व. म्हणजे कॅलिपरने घेतलेल्या प्रत्येक मापात दोन कामे असतात: टेकवणे आणि वाचणे. गेल्या अडीच हजार वर्षांत वाचण्याच्या कामात विलक्षण सुधारणा झाली, परंतु टेकवण्याचे काम आजही बोटांवरच अवलंबून आहे, आणि माप चुकते तेव्हा ते बहुधा टेकवतानाच चुकलेले असते. म्हणून पुढील विवेचनात आकडा वाचण्याची रीत तर आहेच, पण त्याहून अधिक जागा जबडा, म्हणजे वस्तूला टेकणारा भाग, वस्तूवर कसा टेकवावा याला दिली आहे.

पट्टीवाचून कॅलिपर

इटलीच्या किनाऱ्याजवळील जिल्यो बेटापाशी इसवी सनपूर्व सहाव्या शतकात बुडालेल्या एका जहाजाच्या अवशेषांत एक लाकडी कॅलिपर सापडला. त्याला एक स्थिर जबडा आणि एक सरकता जबडा आहे. चीनमध्ये वांग मांगच्या शिन राजवटीत, इ. स. ९ या वर्षी घडवलेला काशाचा सरकता कॅलिपर तर त्याहून पुढे गेलेला आहे. त्याच्यावर तत्कालीन चिनी इंचाच्या आणि त्याच्या दहाव्या भागाच्या खुणा कोरलेल्या आहेत, आणि तो कधी घडवला याचा लेखही आहे. आजच्या सरकत्या कॅलिपरची रूपरेषा त्यात स्पष्ट ओळखू येते.

तरीही त्यानंतर कितीतरी शतके कारागिरांच्या हाती प्रामुख्याने राहिला तो दोन वक्र पायांचा, वर सांध्याने जोडलेला, कोणतीही खूण नसलेला साधा कॅलिपर. याचे कारण समजण्यासारखे आहे. चाकाच्या आसाला भोक बसवायचे असेल, तर आसाचा व्यास किती एकक आहे हे कळण्याची गरज नसते. भोक आसाएवढे झाले की नाही एवढेच कळावे लागते. मूर्तिकार मातीच्या प्रतिकृतीवरून दगडात अंतरे उतरवतो तेव्हाही हेच घडते. तोफखान्यात मात्र आकडा लागे. गोळा तोफेच्या नळीत अडकू नये आणि फार सैलही राहू नये म्हणून गोळ्याचा बाहेरचा व्यास आणि नळीचा आतला व्यास दोन्ही मोजावे लागत, आणि तोफचींच्या पितळी कॅलिपरवर व्यासावरून लोखंडी गोळ्याचे वजन काढण्याच्या खुणाही कोरलेल्या असत.

हा सांध्याचा कॅलिपर कार्यशाळांतून अजून गेलेला नाही, आणि शिकणाऱ्याने आधी तोच हाती घ्यावा असे माझे ठाम मत आहे, कारण त्यावर आकडाच नसल्यामुळे सगळे लक्ष स्पर्शावर राहते. बाहेरचे माप घेण्याच्या कॅलिपरचे पाय आत वळलेले असतात, आतले माप घेण्याच्या कॅलिपरच्या पायांची टोके बाहेर वळलेली असतात. प्रथम पाय हाताने अंदाजे उघडावेत. मग अंतर थोडे कमी करायचे असल्यास एका पायाची बाहेरची बाजू आणि वाढवायचे असल्यास आतली बाजू एखाद्या घट्ट वस्तूवर हलकेच ठोकावी. टोके मात्र कधीही ठोकू नयेत, कारण टोक दबले की तो कॅलिपर निकामी झाला. स्प्रिंगच्या कॅलिपरमध्ये हेच काम चाकीचा स्क्रू फिरवून होते. दांड्यावर लावल्यावर कॅलिपर स्वतःच्या वजनाने, जेमतेम अडखळत, व्यासावरून खाली उतरला पाहिजे. तो दाबून उतरवावा लागत असेल तर पाय फाकत आहेत आणि माप खोटे आहे. न अडखळता घसरत असेल तर अंतर जास्त आहे. मग एक टोक पोलादी पट्टीच्या कडेला टेकवून दुसरे टोक कोणत्या रेघेवर येते ते पाहावे. आतल्या कॅलिपरसाठी पट्टी सपाट पृष्ठभागावर उभी धरावी, एक टोक त्याच पृष्ठभागावर टेकवावे आणि दुसरे टोक पट्टीवर वाचावे. याहून बारीक माप हवे असेल तर आतल्या कॅलिपरच्या टोकांमधील अंतर मायक्रोमीटरने, म्हणजे स्क्रू फिरवून बारीक माप देणाऱ्या उपकरणाने, मोजावे. सरावलेल्या हाताला अशा पद्धतीने मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक जाणवतो.

या कुळातील जेनी कॅलिपरचा उल्लेख येथेच करायला हवा. त्याचा एक पाय वक्र आणि दुसरा अणकुचीदार असतो. वक्र पाय कडेला टेकवून ओढत नेला की अणकुचीदार पाय कडेशी समांतर रेघ ओढतो. गोल दांड्याच्या तोंडाचा मध्य काढायचा असेल तर जेनीचे अंतर त्रिज्येहून किंचित कमी ठेवावे आणि परिघावरील चार समोरासमोरच्या ठिकाणांवरून चार लहान कंस ओढावेत. मध्यभागी छोटा चौकोन उमटतो. त्याच्या मध्यावर पंचने खूण करावी.

रेघांमधील जागा वाचण्याची युक्ती

पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा आखता येतात, अर्ध्या मिलिमीटरच्याही येतात. पण त्याहून दाट आखल्या तर डोळ्याला त्या वेगळ्या दिसत नाहीत. ही अडचण प्रथम तीव्रतेने जाणवली ती खगोलशास्त्रज्ञांना आणि दर्यावर्दींना, कारण त्यांना अंशाचे सूक्ष्म भाग वाचायचे होते. पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रू नुनिश यांनी १५४२ मध्ये एक उपाय प्रसिद्ध केला. चतुर्थांश वर्तुळाच्या उपकरणावर एकात एक अनेक कंस आखायचे, बाहेरच्या कंसाचे ९० भाग, त्याच्या आतल्याचे ८९, मग ८८, असे उतरत जायचे. दर्शक ज्या कंसाच्या रेघेवर नेमका पडेल त्यावरून कोन काढायचा. कल्पना उत्तम होती, पण इतके कंस वेगवेगळ्या भागांत अचूक आखणे फार जिकिरीचे. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांनी ती वापरून पाहिली आणि बाजूला ठेवली.

आजच्या फ्रान्समधील फ्रान्श-कोंते प्रांतातील ओर्नां येथे जन्मलेल्या प्येर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये ब्रुसेल्स येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कल्पनेला साधे आणि टिकाऊ रूप दिले. अनेक कंसांऐवजी मुख्य मापनपट्टीलगत सरकणारी एकच छोटी पट्टी, आणि तिचे भाग मुख्य पट्टीच्या भागांपेक्षा अगदी थोडे वेगळे. त्यांनी ही युक्ती कोन मोजण्यासाठी मांडली होती. लांबी मोजणाऱ्या कॅलिपरवर ती सर्रास येण्यास मोठा काळ जावा लागला. १८५१ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे जोसेफ ब्राउन यांनी इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिमी, वाचू शकणारा व्हर्निअर कॅलिपर तयार केला, आणि तो सामान्य यंत्रकारागिराला विकत घेता येण्याजोगा होता. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८४८ मध्ये, ज्याँ लोराँ पामेर यांनी पॅरिसमध्ये स्क्रूवर चालणाऱ्या मायक्रोमीटरचे पेटंट घेतले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशी दोन्ही उपकरणे एकाच पिढीच्या हाती आली. एकमेकांच्या जागी सहज बसणारे सुटे भाग बनवायचे तर दूरच्या दोन कारखान्यांत घेतलेले माप एकच आले पाहिजे, आणि ही गरज नुसत्या स्पर्शाने भागणारी नव्हती.

ही युक्ती चालते कशी? समजा मुख्य पट्टीवरील ४९ मिमी लांबीचे त्या छोट्या सरकत्या, म्हणजे व्हर्निअर, पट्टीवर ५० समान भाग केले आहेत. व्हर्निअरचा एक भाग ०.९८ मिमी होतो, आणि मुख्य पट्टीच्या एका भागाशी त्याचा फरक ०.०२ मिमी राहतो. हेच त्या उपकरणाचे लघुत्तम माप. १९ मिमीचे २० भाग केले असतील तर ते ०.०५ मिमी आणि ९ मिमीचे १० भाग केले असतील तर ०.१ मिमी. सरकता जबडा ०.०२ मिमीने पुढे गेला की व्हर्निअरची पहिली रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळते, ०.०४ मिमीने गेला की दुसरी, आणि असेच पुढे.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य डोळ्यात आहे. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी सामान्य निकोप दृष्टीला त्यांच्यात सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतके कोनीय अंतर लागते. परंतु दोन रेघा टोकाला टोक लावून एका सरळीत आहेत की नाहीत हे ओळखण्याची डोळ्याची क्षमता त्याच्या कितीतरी पट तीक्ष्ण असते, ती काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) पोहोचते. व्हर्निअर डोळ्याला रेघांमधील जागेचा अंदाज करायला सांगतच नाही. कोणती रेघ जुळते एवढेच तो विचारतो, आणि त्या कामात डोळा फारसा चुकत नाही.

व्हर्निअर वाचताना

प्रथम व्हर्निअरच्या शून्य रेघेकडे पाहावे. ती मुख्य पट्टीवरील ज्या पूर्ण मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तो आकडा लिहून घ्यावा, समजा २७. मग व्हर्निअरची कोणती रेघ मुख्य पट्टीच्या कोणत्याही रेघेशी नेमकी जुळते ते शोधावे. समजा सतरावी जुळते. १७ ला ०.०२ ने गुणल्यावर ०.३४ येतात, म्हणून माप २७.३४ मिमी. बहुतेक उपकरणांवर व्हर्निअरला ० ते १० असे आकडे घातलेले असतात, त्यामुळे गुणाकाराची गरज राहत नाही: ३ या आकड्याच्या पुढची दुसरी रेघ म्हणजे ०.३४. जुळणारी रेघ निश्चित होत नसेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या रेघा पाहाव्यात. खरी जुळणारी रेघ मध्ये असते आणि तिच्या शेजारच्या दोन रेघा विरुद्ध दिशांना सारख्याच सरकलेल्या दिसतात. नजर पट्टीला काटकोनात ठेवावी, कारण बऱ्याच कॅलिपरांत व्हर्निअरचा पृष्ठभाग मुख्य पट्टीहून किंचित उंच असतो आणि तिरप्या नजरेला शेजारचीच रेघ जुळलेली भासते.

माप घेण्यापूर्वी शून्य त्रुटी तपासणे हा उपचार नव्हे, तो मापाचाच भाग आहे. जबडे पुसून हलक्या हाताने मिटावेत. दोन्ही शून्ये जुळली तर ठीक. व्हर्निअरचे शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे असेल आणि दुसरी रेघ जुळत असेल, तर त्रुटी धन ०.०४ मिमी आहे. ती प्रत्येक मापातून वजा करावी. शून्य डावीकडे गेले असेल आणि पन्नास भागांच्या व्हर्निअरची अठ्ठेचाळिसावी रेघ जुळत असेल, तर त्रुटी ऋण ०.०४ मिमी आहे, आणि तेवढे मापात मिळवावे. जबडे मिटून उजेडाकडे धरल्यास आणखी एक गोष्ट कळते: पात्यांमधून, म्हणजे जबड्यांच्या टेकणाऱ्या कडांमधून, प्रकाशाची बारीक फट दिसत असेल, तर काही मायक्रोमीटरची (येथे हे एकक आहे, मिलिमीटरचा हजारावा भाग) झीज झालेली आहे किंवा मध्ये कीस अडकला आहे.

जबडा टेकवण्याची रीत

व्हर्निअर कॅलिपरला मायक्रोमीटरसारखी रॅचेट, म्हणजे ठरीव दाबानंतर घसरणारी कळ, नसते. किती दाबायचे हे सर्वस्वी अंगठा ठरवतो, आणि दाब कमीजास्त झाला की तीच वस्तू वेगवेगळा आकडा दाखवते. सरकत्या जबड्याला हलका, एकसारखा रेटा द्यावा आणि दोन्ही पाती पृष्ठभागावर सपाट बसल्याचे हाताला जाणवू द्यावे. त्यासाठी कॅलिपर किंवा वस्तू अगदी किंचित डोलवून पाहावी. पाती नीट बसली की डोलणे थांबल्यासारखे वाटते. मग तेथेच आकडा वाचावा. जागा अडचणीची असेल तरच लॉकिंग स्क्रू आवळून कॅलिपर बाहेर काढावा, आणि काढताना तो ओढू नये, घसरवत हलकेच सोडवावा. लेथवर लावलेला जॉब, म्हणजे घडवायची वस्तू, फिरत असताना तर कॅलिपर त्याच्या जवळही नेऊ नये. जबडे झिजतात ते वेगळेच, पण फिरत्या जॉबने कॅलिपर खेचून घेतला तर त्याच्यामागे हातही जातो.

दांड्याचा व्यास घेताना मिळणारे सर्वांत लहान माप खरे असते, कारण कॅलिपर तिरपा झाला की अंतर वाढते. १०० मिमीचा तुकडा एका अंशाने तिरपा धरला तर सुमारे ०.०१५ मिमी जास्त दिसते, दोन अंशांनी धरला तर ०.०६ मिमी. तिरपेपणा दुप्पट झाला की चूक चौपट होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. भोकाच्या बाबतीत मात्र दोन दिशांना दोन वेगळे नियम लागतात: भोकाच्या रुंदीच्या दिशेने कॅलिपर हलवून सर्वांत मोठे माप शोधावे, म्हणजे जीवेऐवजी व्यास मिळतो, आणि भोकाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे कलवून सर्वांत लहान माप शोधावे, म्हणजे तिरपेपणा जातो. दोन्ही एकदम साधण्यास सराव लागतो.

लहान भोकांत आणखी एक त्रास आहे. आतल्या मापासाठी असलेली वरची पाती धारदार दिसली तरी त्यांना थोडी सपाट जाडी असते आणि दोन्ही पाती एका सरळीत नसून शेजारी शेजारी असतात. त्यामुळे ती व्यासाऐवजी जवळच्या जीवेवर टेकतात. ४ मिमीच्या भोकात ही एकूण रुंदी अर्धा मिलिमीटर धरली तर आकडा सुमारे ०.०३ मिमीने कमी येतो. मोठ्या भोकात हा परिणाम नगण्य होतो. लहान भोकाला मात्र पिन गेज (माहीत व्यासाची अचूक पिन) लावून पाहणे अधिक विश्वासाचे.

मागच्या टोकातून बाहेर येणारी खोलीमापक दांडी सोयीची आहे, पण बाहेरचे, आतले, खोलीचे आणि पायरीचे अशा चारही पद्धतींत तिचे माप सर्वांत कमी भरवशाचे असते. पट्टीचे टोक अरुंद असल्याने ते काठावर सहज कलते. ५० मिमी खोलीत दोन अंशांचा कल ०.०३ मिमी वाढवून दाखवतो. पट्टीचे टोक भोकाच्या काठावर घट्ट दाबून, मगच दांडी तळाला लागेपर्यंत सोडावी. पायरीची उंची मोजायची असेल तर दांडीच्या वाटेला न जाता चौथी पद्धत वापरावी. सरकता जबडा आणि स्थिर जबडा यांच्या डोक्याकडील सपाट कडा बहुतेक कॅलिपरांत माप घेण्यायोग्य घासलेल्या असतात. सरकत्या भागाची कडा वरच्या पायरीवर आणि स्थिर भागाची कडा खालच्या पायरीवर टेकवली की मिळणारे माप बरेच स्थिर असते. अनेकजण वर्षानुवर्षे कॅलिपर वापरतात आणि ही कडा त्यांच्या उपयोगातच येत नाही, याचे मला वाईट वाटते.

दोन सारख्या भोकांच्या मध्यांमधील अंतर काढण्याची एक सुंदर रीत आहे. आतल्या पात्यांनी एका भोकाचा व्यास मोजावा. मग तीच पाती दोन भोकांच्या दूरच्या कडांना आतून टेकवून अंतर घ्यावे. या दुसऱ्या मापात मध्यांतर अधिक एक व्यास असतो, म्हणून पहिले माप वजा केले की मध्यांतर मिळते. डिजिटल कॅलिपरवर तर पहिल्या मापाशी शून्याचे बटण दाबले की दुसरे माप थेट मध्यांतर दाखवते. भोके वेगवेगळ्या व्यासांची असतील तर दोन्ही व्यास मोजून त्यांच्या बेरजेचा निम्मा वजा करावा.

पट्टीपासून दूर गेलेले माप

कॅलिपरच्या रचनेतच एक उणीव आहे आणि ती कोणत्याही कारागिरीने पूर्णपणे जात नाही. जर्मनीतील येना येथील भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडलेले तत्त्व असे की, ज्या रेषेवर माप घ्यायचे ती रेषा आणि मापनपट्टी एकाच सरळीत असावी. मायक्रोमीटर हे तत्त्व पाळतो. कॅलिपर पाळत नाही. त्याची पट्टी वर आणि वस्तू खाली जबड्यांत असते. सरकत्या जबड्याला पट्टीवर थोडी तरी मोकळीक लागतेच, आणि त्या मोकळिकीत तो एका कलेने जरी कलला तरी पट्टीपासून ३० मिमी खाली, पात्याच्या टोकाशी, जवळजवळ ०.००९ मिमीचा फरक पडतो. तीच वस्तू पट्टीपासून १० मिमीवर धरली तर तो ०.००३ मिमी होतो. म्हणून वस्तू जमेल तितकी पट्टीच्या जवळ, जबड्यांच्या मुळाशी धरावी, टोकाशी नव्हे. अंगठ्याचा दाब वाढला की हा कलही वाढतो, म्हणजे जोरात दाबल्याने वस्तू दबते त्याहून जबडा अधिक कलतो.

सरकता भाग सैल वाटत असेल तर त्याच्या वरच्या कडेला असलेले दोन छोटे स्क्रू पाहावेत. ते आतल्या पातळ पट्टीवर दाब देतात. दोन्ही पूर्ण आवळून मग सुमारे अष्टमांश फेरा मागे घ्यावेत आणि जबडा पूर्ण लांबीवर सारख्याच हलकेपणाने सरकतो का ते तपासावे.

उष्णतेचाही हिशेब ठेवावा लागतो. लांबीच्या मापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. पोलाद दर अंशाला एका मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रोमीटर वाढते आणि ॲल्युमिनिअम जवळपास त्याच्या दुप्पट. खोलीत बराच वेळ शेजारी ठेवलेला पोलादी कॅलिपर आणि पोलादी जॉब दोन्ही सारखेच वाढतात, म्हणून चूक फारशी राहत नाही. पण नुकताच कापलेला, ६० अंशांपर्यंत तापलेला १०० मिमी व्यासाचा शाफ्ट लगेच मोजला, तर थंड झाल्यावर तो सुमारे ०.०४६ मिमीने आक्रसलेला असतो. गरम असताना बरोबर मापात आणलेला शाफ्ट सकाळी सैल निघतो, यात कॅलिपरचा दोष नसतो.

डायल आणि डिजिटल

डायलच्या कॅलिपरमध्ये पट्टीवर बारीक दात्यांची रॅक असते आणि तिच्यावर फिरणारे दंतचक्र काटा हलवते. वाचणे सोपे होते, पण रॅकमध्ये कीस अडकला तर चक्र एखादा दात उडी मारते आणि जबडे मिटूनही काटा शून्यावर येत नाही. डिजिटल कॅलिपरमध्ये पट्टीवरील धातूच्या सूक्ष्म पट्ट्या आणि सरकत्या भागातील पट्ट्या यांच्यातील विद्युतधारितेच्या बदलावरून अंतर ठरते. शीतक द्रव किंवा ओल मध्ये गेली तर आकडे भरकटतात, आणि बॅटरी उतरली की ते लुकलुकतात. सिल्व्हर ऑक्साइडची बॅटरी शेवटपर्यंत दाब बऱ्यापैकी स्थिर ठेवते, म्हणून ती अल्कलाइनपेक्षा बरी. अशा कॅलिपरवर विजेच्या पेनने नाव कोरू नये. आतले सर्किट बिघडू शकते. इंचाचे बटण चुकून दाबले गेले तरी घाबरण्याचे कारण नाही: १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी.

डिजिटल पडद्याचा मोठा धोका तो दाखवत असलेल्या दशांश स्थळांत आहे. पडदा ०.०१ मिमी दाखवतो म्हणून माप ०.०१ मिमीपर्यंत खरे ठरत नाही. १५० मिमीच्या चांगल्या डिजिटल कॅलिपरची मान्य त्रुटी साधारण ±०.०२ ते ±०.०३ मिमी असते, आणि त्यात टेकवणाऱ्या हाताची चूक धरलेली नसते. कॅलिपरांच्या या गुणधर्मांसाठी आयएसओ १३३८५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे; खरेदी करताना पडद्याऐवजी त्यातील मान्य त्रुटी पाहावी.

कारखान्याबाहेरचे कॅलिपर

दाब ठरवण्याचा प्रश्न सर्वांत नेटका सोडवला तो शरीरमापनाच्या कॅलिपरने. त्वचेची घडी चिमटीत धरून तिची जाडी मोजताना दाब बदलला की मऊ घडी लगेच चपटी होते, म्हणून अशा कॅलिपरच्या पात्यांवर स्प्रिंगने दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम असा ठरीव दाब ठेवलेला असतो. वनविभागात झाडाच्या खोडाचा व्यास मोठ्या सरकत्या कॅलिपरने छातीच्या उंचीवर मोजतात. खोड क्वचितच पूर्ण गोल असते, म्हणून दोन काटकोनी दिशांनी माप घेऊन सरासरी काढावी. हृदयाच्या आलेखावर ठोक्यांमधील अंतर सारखे आहे की नाही हे दोन टोकांच्या दुभाजकाने पाहतात, आणि तेथे पुन्हा आकड्यापेक्षा अंतर जसेच्या तसे पुढे नेणे महत्त्वाचे ठरते.

देखभाल आणि पडताळणी

काम संपल्यावर कॅलिपर स्वच्छ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावा, पट्टीवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि जबडे किंचित उघडे ठेवून पेटीत ठेवावा. पात्यांच्या टोकांनी रेघा ओढू नयेत. ही सवय सर्वत्र दिसते आणि तीच टोके नंतर भोक मोजायला वापरली जातात.

पडताळणीसाठी स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे, सर्वांत चांगले. केवळ शून्य तपासून थांबू नये, तर १०, २५, ५० आणि १०० मिमी अशा वेगवेगळ्या ठिकाणी माप घ्यावे, कारण पट्टीचा एखादा भाग वाकलेला किंवा रॅकचा एखादा दात बिघडलेला असला तरी शून्य बरोबर येते. तोच गेज जबड्यांच्या मुळाशी, मध्ये आणि टोकाशी धरून तीन मापे घ्यावीत. ती वेगवेगळी आली तर पाती झिजली आहेत किंवा सरकता भाग कलतो आहे. आतल्या पात्यांसाठी माहीत व्यासाची रिंग वापरावी. आलेले फरक तारखेसह लिहून पेटीत ठेवले तर झीज कोणत्या वेगाने वाढते आहे तेही दिसते.

जुना दंडक असा की उपकरणाची त्रुटी मोजायच्या टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, दशांशाहून अधिक नसावी. ±०.०२ मिमी त्रुटीचा कॅलिपर या हिशेबाने ±०.२ मिमीच्या टॉलरन्सला शोभतो, आणि थोडी सवलत दिली तर ±०.१ मिमीच्या कामालाही चालून जातो. बेअरिंग बसवायचा शाफ्ट ०.०१ मिमीच्या आत आणायचा असेल, तेव्हा कॅलिपरने फक्त कच्चे माप घ्यावे, शेवटच्या कटापूर्वी तो खाली ठेवावा आणि मायक्रोमीटर उचलावा.